पाश्चात्त्यांसाठीचे बौद्ध वचनसंग्रह: निवड की काटछाट?

मुक्ता_व:
इंग्रजीतून धम्म वाचायला लागलेल्या माणसाच्या हाती आपण डोळे झाकून एखादा निवडक वेच्यांचा संग्रह देतो. ही सवय आता सोडायला हवी असं माझं ठाम मत आहे. पाश्चात्त्य वाचकाला रुचेल तेवढाच बुद्ध या पुस्तकांत उरलाय.

अमेरिकेतले संपादक पॉल कारुस यांचं 'गॉस्पेल ऑफ बुद्ध' बघा. १८९३ मध्ये शिकागोला सर्वधर्म परिषद झाली आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक आलं. मांडणी थेट बायबलची, वचनांना क्रमांकसुद्धा दिलेले. पाली आणि महायान ग्रंथांतले तुकडे एकाच कथेत ओवलेत. पहिली तीन प्रकरणं आणि शेवटचं तर कारुस यांनी स्वतःच रचलेलं. पूर्वी चीनमध्ये ख्रिस्ती मिशनरी असलेल्या ड्वाइट गॉडर्ड यांच्या १९३२ च्या संग्रहाचं नावच 'अ बुद्धिस्ट बायबल'. १९३८ च्या वाढीव आवृत्तीत ताओ-ते-चिंगही आहे, जो ताओ मताचा चिनी ग्रंथ आहे, मुळात बौद्ध ग्रंथच नाही.

पण खरा राग येतो तो कालाम सुत्ताचे, म्हणजे कालाम लोकांना बुद्धांनी केलेल्या उपदेशाचे, हाल बघून. केसपुत्त गावचे कालाम विचारतात, येणारा प्रत्येक जण आपलंच खरं म्हणतो, मग मानायचं कोणाचं? बुद्ध सांगतात, ऐकीव आहे म्हणून, परंपरेनं आलंय म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपले गुरू सांगतात म्हणून मानू नका; स्वतः जाणाल तेव्हा सोडा किंवा धरा. बहुतेक ठिकाणी वेचा इथेच संपवतात. मूळ सुत्तात 'जाणते लोक कशाची निंदा करतात' हीही कसोटी आहे. पुढे लोभ, द्वेष, मोह एकेक घेऊन प्रश्नोत्तरं होतात. मग मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्षा (समभाव) या भावना येतात. मग परलोक असला तर काय आणि नसला तर काय, याची आश्वासनं. शेवटी कालाम बुद्ध, धम्म, संघाला शरण जातात. हे सगळं छाटल्यावर 'तुमच्या मनाला पटेल ते करा' म्हणणारा बुद्ध उरतो. तो सुत्तात कुठेच नाही.

शिलालेखवेडा:
असहमत. निवड करणं हे पाश्चात्त्यांचं खूळ नाही, ते आपल्याकडचंच आहे. राजस्थानात बैराटला सापडलेला अशोकाचा लेख आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात तो आधी म्हणतो, भगवान बुद्धांनी जे जे सांगितलं ते सगळंच सुभाषित. आणि लगेच सात उपदेशांची नावं घेऊन सांगतो की भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका सगळ्यांनी हे पुन्हा पुन्हा ऐकावेत.

त्यांतला एक म्हणजे बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, खोटं बोलण्याबद्दल केलेला उपदेश. मज्झिम निकाय या पाली सुत्तसंग्रहात त्याचा प्रसंग आहे. बुद्ध पाय धुतात आणि भांड्यात थोडं पाणी उरवून राहुलाला दाखवतात: जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही, त्याचं श्रमणपण (भिक्खूपण) एवढंसंच. मग ते पाणी फेकून देतात. मग भांडं उपडं करतात. मग पुन्हा सुलटं करून रिकामं भांडं दाखवतात. एवढंच ऐकून उठलेला माणूस काहीच न घेता उठला असं म्हणाल का? आणि धम्मपद तरी काय आहे? ४२३ गाथांचा वेचाच ना?

मुक्ता_व:
अशोक ज्यांना सांगत होता त्यांच्या आसपास संघ होता. अडलं तर विचारायला भिक्खू होते. बोस्टनमधल्या वाचकाकडे फक्त पुस्तक असतं. त्यात जे नाही ते त्याच्या लेखी बुद्धांनी सांगितलेलंच नाही.

पालीचा_विद्यार्थी:
सगळे संग्रह एकाच मापानं मोजताय, ते पटत नाही. हेन्री क्लार्क वॉरन यांचं १८९६ चं 'बुद्धिझम इन ट्रान्सलेशन्स' बघा. फक्त पाली साहित्य, प्रत्येक उताऱ्यासोबत मूळ ग्रंथाचं नाव, आणि कर्म-पुनर्जन्माला व भिक्खुसंघाला स्वतंत्र प्रकरणं. हेच वॉरन विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाचं संपादन अर्धवट सोडून १८९९ मध्ये गेले. ते काम हार्वर्डला जाऊन पुढे नेलं आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी. ग्रंथ छापून आला १९५० मध्ये, तेव्हा दोघेही हयात नव्हते. अशा माणसांच्या कामाला कारुस यांच्या पंगतीला बसवू नका.

पेंग्विन प्रकाशनाचंच बघा. १९५९ मध्ये एडवर्ड कॉन्झे यांचा 'बुद्धिस्ट स्क्रिप्चर्स' हा संग्रह आला, त्यात बुद्धांचं चरित्र अश्वघोष या संस्कृत कवीच्या काव्यातून घेतलंय. २००४ मध्ये त्याच नावानं डोनाल्ड लोपेझ यांचा आला. त्यात विश्वरचना आहे, भिक्खुजीवन आहे, विधीही आहेत. म्हणजे निवड अपुरी वाटली की पुढचे संपादक ती बदलतातही.

वर्षावास:
मुक्ताताई, मग बाबासाहेबांच्या ग्रंथाचं काय म्हणाल? 'द बुद्धा अँड हिज धम्म' त्यांनी इंग्रजीत लिहिला, तो १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. वचनांना क्रमांक त्यातही आहेत. बाबासाहेबांनीही निवडलं आणि गाळलं. सिद्धार्थानं घर का सोडलं याचं रूढ कारण नाकारून शाक्य आणि कोलिय या शेजारी कुळांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरचा तंटा मांडला. आमच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी याच ग्रंथाचं वाचन चालतं. ज्या वस्तीत त्रिपिटकाचा एकही खंड कधी आला नाही, तिथे धम्म या निवडीतूनच पोहोचला. निवड वाईट म्हणताना हे लोक डोळ्यांसमोर ठेवा.

मुक्ता_व:
ठेवलेत. पण बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच आपले प्रश्न उघड मांडले: गृहत्यागाचं कारण, आर्यसत्यं, कर्म, भिक्खूचं प्रयोजन. आपण कुठे आणि का हात घालतोय हे लपवलं नाही. शिवाय तुमच्याकडे तो दहा जण एकत्र बसून वाचतात, शंका तिथल्या तिथे विचारतात. माझी तक्रार एकट्या वाचकाला गुपचूप छाटलेलं देण्याबद्दल आहे.

पालीचा_विद्यार्थी:
मग अमेरिकन भिक्खू बोधींच्या २००५ च्या संग्रहाला तुमची हरकत नसावी. मुख्यतः चार निकायांतला (पाली सुत्तसंग्रहांतला) मजकूर, त्यात गृहस्थाचा संसार, दान, चांगला पुनर्जन्म, सगळं आहे. कालाम सुत्तही परलोकाच्या आश्वासनांसकट आहे.

मुक्ता_व:
त्या पुस्तकाला नाही. पण नवख्याला मी तेही आधी देणार नाही. आधी एकच सुत्त, पहिल्या ओळीपासून शरणगमनापर्यंत. संग्रह त्यानंतर.

शिलालेखवेडा:
ते एक सुत्त कोणतं द्यायचं हे ठरवणार तुम्हीच ना? ती निवडच झाली.