आर्केड जॉयस्टिक : चार दिशांची घ्यावी की आठ?

राजारामपुरीकर : नमस्कार. जुन्या संगणकावर खेळण्यासाठी घरीच आर्केडची, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रासारखी, पेटी करतो आहे. वरचा पत्रा उद्यमनगरात कापून मिळेल. परंतु जॉयस्टिकचे इतके प्रकार दिसतात की निवड होईना. 'पॅक-मॅन' आणि 'स्ट्रीट फायटर २' हे दोन्ही खेळ एकाच दांड्यावर नीट खेळता येतील का?

पेठेतला गेमर : येतील, पण मुठीच्या आकारापेक्षा दांड्याखालचे गेट, म्हणजे दांडा कोणत्या दिशांना जाईल हे ठरवणारी चौकट, आधी पाहावे. 1980 चा 'पॅक-मॅन' चारच दिशांचा खेळ आहे. आठ दिशांच्या दांड्यावर वळणाशी हात जरा तिरका गेला की दोन स्विच एकदम दाबले जातात आणि पॅक-मॅन वळायचे सोडून सरळ भुतांच्या तोंडी जातो. याउलट 'स्ट्रीट फायटर'मध्ये खाली, तिरके, पुढे असा पाव वर्तुळाचा फेर घेतल्याशिवाय हाडोकेन, म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा, सुटत नाही, त्यामुळे तिथे तिरप्या दिशा हव्यातच. सानवा कंपनीच्या जेएलएफ दांड्याचे चौकोनी गेट काढून 45 अंशांत फिरवून बसवले की तोच दांडा चार दिशांचा होतो.

रंकाळावासी : माहिती बरोबर आहे, पण दर वेळी पेटी उघडून गेट फिरवण्याचा उत्साह आठवडाभरही टिकत नाही. जागा असेल तर मधोमध चार दिशांचा वेगळा दांडा बसवावा, असे माझे मत आहे. हॅप कंपनीचा लांबट मुठीचा अमेरिकन दांडा जाड लाकडी फळीसाठी बनवलेला असून त्याची स्प्रिंग कडक असते. जेएलएफ हलका असतो आणि पातळ पत्र्याखाली व्यवस्थित बसतो. कोरियन दांड्यात स्प्रिंगऐवजी रबराची कडी असते. तो झटक्यात मध्यावर परततो, मात्र नवख्या हाताला आधी जड वाटतो.

राजारामपुरीकर : आभारी आहे. पत्राच वापरणार असल्याने जेएलएफ घेतो आणि चार दिशांचा दांडा वेगळा बसवतो. बटणांची भोके किती मापाची ठेवावीत?

पेठेतला गेमर : जपानी बटणांना 30 मिलिमीटर. पत्र्यावर खटकन बसणारी बटणे चालतात. जाड फळी असती तर आट्यांची, खालून नट आवळायची बटणे लागली असती. बटणे हातात आल्यावर व्हर्नियरने मोजूनच पत्रा कापायला द्यावा.