मदत हवी आहे: मे महिन्यात वॉटरपार्क, सोबत इन्शुलिन घेणारे सासरे आणि दम्याचा भाचा

सुरंगी

नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरहून नणंदेकडची मंडळी येतायत आणि मुलांनी हणजूणच्या वॉटरपार्कचा हट्ट धरलाय. फोंड्याहून सकाळी गाडीने निघायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेत आहे. सोबत दोघांची काळजी आहे.

सासरे, वय ६९. टाइप २ मधुमेह. ३०/७० इन्शुलिन पेनने, सकाळी आणि रात्री जेवणाआधी. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, सकाळी एक. तळपायांना मुंग्या येतात, कधी बधिर वाटतात. पाण्यात फार उतरणार नाहीत, पण घरी थांबायलाही तयार नाहीत.

भाचा, वय ९. दमा. सकाळ-संध्याकाळ प्रिव्हेंटर (रोज घ्यायचा प्रतिबंधक इनहेलर), लागलं तर सालब्युटामॉल स्पेसरने.

पेन दिवसभर थंड कसं ठेवायचं? पाणी, ओआरएस, शहाळं यातलं सासऱ्यांना काय आणि किती द्यायचं? घाम फुटून चक्कर आली तर ऊन लागलं की साखर उतरली, हे कसं ओळखायचं? पोराला क्लोरीन बाधेल का? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात घेतली आहे, तिथे नेमकं काय विचारायचं तेही सांगा.

कुळागर

कोल्हापूरच्या पाहुण्यांना आधी एक सांगा. गोव्यात पारा ३३-३४ वर थांबतो म्हणून घाटावरची माणसं फसतात. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की अंगाला ते ४२-४३ सारखं जाणवतं. कोल्हापुरात ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रतेत जवळजवळ ३८च वाटतं, कारण तिथे घाम वाळतो. इथे तो नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम अंग थंड करत नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ मात्र तेवढंच जातं. पाण्यात असलेल्या माणसाला तर आपण घामेजलोय हे कळतही नाही.

वेळ अशी बसवा. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो १२ला नव्हे, साधारण साडेबाराला. मेच्या सुरुवातीला पणजीत शून्य सावलीचा दिवस येऊन गेलेला असतो, म्हणजे तुमच्या आठवड्यातही दुपारचं ऊन जवळपास सरळ वरूनच पडणार. छत्रीची सावली तेव्हा बरोबर छत्रीखाली असते, पण ३ वाजेपर्यंत ती पूर्वेकडे सरकते आणि खुर्ची उन्हात राहते. सासऱ्यांची जागा पक्क्या छपराखाली, वारा येईल अशी, आत शिरल्या शिरल्या धरा. पार्क उघडतानाच पोचा. साडेअकरापर्यंत मुलांचं पहिलं पाणी उरकून घ्या, साडेअकरा ते साडेतीन सगळे छपराखाली, मग पुन्हा तासभर पाणी.

आता खरी गोम जेवणाच्या वेळेत आहे. ३०/७० मधला ३० टक्के भाग लवकर उतरतो आणि ७० टक्के भाग मध्यम पल्ल्याचा असतो. सकाळी ८च्या डोसमधला हा मोठा भाग दुपारी ऐन जोरात असतो. घरी १ वाजता ताट समोर येतं म्हणून काही होत नाही. पार्कात मात्र "एक शेवटची घसरगुंडी" करता करता अडीच वाजतात. त्यात उन्हाने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो आणि इन्शुलिन नेहमीपेक्षा लवकर शोषलं जातं. त्यामुळे ११ला थोडं खाणं आणि साडेबाराला जेवण, मुलं कुठेही असोत. सकाळची सुई पोटावर घ्या, मांडीवर नको. पायऱ्या चढताना मांडीतलं शोषण आणखी वाढतं.

गोळीबंद

पेनबद्दल आधी उलटा प्रश्न: ते न्यायचंच कशाला? डोस सकाळी आणि रात्री आहेत. सकाळचा घरी घेतला आणि रात्री जेवायला फोंड्यात परत असलात तर पेन घरीच राहू दे. बाहेर जेवून यायचं असेल तरच न्या.

न्यायचं झालं तर वापरात असलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायची गरज नसते. ती अट न उघडलेल्या पेनासाठी आहे. चालू पेन बहुतेक कंपन्यांच्या पत्रकानुसार ३० अंशांखाली साधारण ४ आठवडे चालतं. तुमच्या ब्रँडच्या पत्रकावर नेमका आकडा असतो, तो वाचा. म्हणजे ते फक्त ३०च्या खाली राखायचं आहे. अर्धा लिटरचा रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घ्या. त्यात १० मिनिटं गार पाणी भरून ठेवा, मग ओतून आतून पुसून कोरडा करा. फ्रिजच्या खालच्या कप्प्यातलं (फ्रीजरमधलं नव्हे) छोटं जेलपॅक कापडात गुंडाळून तळाशी, वर झिपच्या पिशवीत पेन. बर्फाला टेकलेलं पेन गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावरही टाकूनच द्यायचं.

३०/७० मुळातच दुधाळ असतं, त्यामुळे "गढूळ दिसतंय का" ही परीक्षा इथे उपयोगाची नाही. पेन तळव्यांमध्ये १० वेळा हलकं घोळवा, १० वेळा खालीवर कलवा. तरीही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला आतून पांढरा थर चिकटलेला दिसला तर ते पेन बाद. आणि टोचून झालं की सुई काढून टाका. लावलेली राहिली तर तापमान बदललं की हवा आत शिरते किंवा औषध गळतं.

हुमण

एवढा व्याप कशाला? ओल्या कापडात गुंडाळून मातीच्या गाडग्यात ठेवलं की झालं. गावोगावी असंच ठेवतात.

गोळीबंद

विदर्भात चालेल, इथे मेमध्ये नाही. गाडगं काय किंवा पाण्यात भिजवून वापरायच्या त्या महागड्या इन्शुलिन पिशव्या काय, दोन्ही बाष्पीभवनावर चालतात. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत बाष्पीभवनाने जास्तीत जास्त २८ अंशांच्या आसपास उतरता येतं, तेही वाऱ्यात. पिशवी बॅगेत बंद केली तर तेवढंही नाही. आपल्याकडे माठातलं पाणी नागपूरसारखं गार का होत नाही, त्याचं कारणही हेच.

पेनापेक्षा ग्लुकोमीटरकडे (रक्तातली साखर मोजायच्या मीटरकडे) लक्ष द्या. स्ट्रिप वापरायची मर्यादा बहुतेक कंपन्यांची ४० अंशांपर्यंत असते आणि बंद गाडीतली उष्णता ती सहज ओलांडते. डबी गाडीत ठेवू नका आणि स्ट्रिप काढली की लगेच बंद करा, दमट हवेने स्ट्रिपा बिघडतात. बोट ओलं असेल तर रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो. बोटाला आंब्याचा रस किंवा सरबत लागलं असेल तर जास्त. धुवा, पूर्ण पुसा, मग टोचा.

कुळागर

ऊन की साखर, हे नुसतं बघून सांगता येत नाही. घाम, थरथर, चक्कर, चिडचिड दोन्हींत असतं. म्हणून आधी मीटरवर साखर मोजायची. आकडा ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरचे ३-४ सपाट चमचे अर्ध्या पेल्या पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७०खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आला की पोळी किंवा बिस्किटं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. मीटर हाताशी नसेल तर साखर उतरली आहे असंच धरून ग्लुकोज द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि १०८.

एक घोटाळा नेहमी होतो: साखर उतरल्यावर ओआरएस पाजतात. ओआरएसच्या अख्ख्या लिटरमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम, म्हणजे पेलाभरात जेमतेम पावणेतीन. त्याने साखर सावरत नाही.

रातांबा

पिण्याचं. सावलीत बसलेल्या सासऱ्यांना दर अर्ध्या तासाला १५०-२०० मिली साधं पाणी, तहानेची वाट न बघता. साठीनंतर तहान उशिरा लागते, त्यात त्या गोळीतला हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी आणि मीठ काढतो. (हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर बंधन असेल तर हा हिशेब डॉक्टरच बदलतील.) त्याच औषधाने कातडी उन्हात लवकर भाजते, म्हणून ढगाळ दिवशीही लांब बाह्यांचा सुती शर्ट आणि टोपी.

ओआरएस दिवसभराचं पेय नाही, लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ असतं त्यात. खूप घाम गेला, पोटऱ्यांत गोळे आले किंवा जुलाब झाले तर १-२ पेले. पुडी किती पाण्याची ते वाचा: काही १ लिटरच्या, काही २०० मिलीच्या. लिटरची पुडी अर्ध्या बाटलीत रिकामी करणं हा नेहमीचा प्रकार आहे. खोक्यात मिळणारी गोड फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

शहाळ्याला सरसकट हो म्हणू नका. कपभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टन शरीरातलं पोटॅशियम वाढवू शकतं. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम ठीक असेल तर एक शहाळं चालेल. बाटलीतलं कोकम सरबत म्हणजे साखरेचा पाक. त्यापेक्षा घरून सोलांचं बिनसाखरेचं तिवळ किंवा पातळ ताक न्या. निघण्याआधी पेज आणि चार शितं जास्त, याहून चांगली न्याहारी नाही.

आणि मे आहे म्हणून सांगतो: परतताना कुणी उराक (काजूची हंगामी दारू) पुढे केली तर सासऱ्यांना नको. दारूने यकृताचं साखर सोडणं मंदावतं. साखर रात्री उशिरा उतरते आणि तोंडाला वास येत असल्याने "चढलीय" म्हणून सोडून देतात.

तळपाय

सगळ्यांनी सगळं सांगितलं, पायांचं कुणीच नाही. बधिर तळपाय आणि वॉटरपार्क ही जोडी मला सगळ्यांत वाईट वाटते. चपला बाहेर काढायला लावतात, आणि दुपारची फरशी अशी तापलेली असते की मुलं उड्या मारत पळतात. बधिर पायाला चटका कळतच नाही, संध्याकाळी फोड दिसतात आणि मधुमेहात ते महिनोन् महिने भरत नाहीत. रबरी तळाचे पाण्यातले बूट (पूल शूज) आधीच घ्या, घरी दोन दिवस घालून बघा, चावत असतील तर बदला. आत वाळूचा एक कणही राहू देऊ नका. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळवे उजेडात दुसऱ्या कुणीतरी तपासा. पाणी गरम आहे का हेही त्यांनी पायाने नव्हे, कोपराने बघायचं.

सुरंगी

मनापासून आभार. पेन घरीच ठेवायचं हे डोक्यातच आलं नव्हतं! भाच्याचं राहिलं. आणि गेटवर बाहेरचं खाणं अडवतात म्हणे, मग ११चं खाणं आणि ताक कसं न्यायचं?

कुळागर

आदल्या दिवशी फोन करून सांगा आणि डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या: "इन्शुलिनवर आहेत, वेळेवर खाणं व ग्लुकोज जवळ असणं आवश्यक." डॉक्टरांकडे विचारायचं तेही तिथेच: त्या दिवशी सकाळचा डोस कमी करायचा का आणि किती युनिटने, त्या दिवशीची रक्तदाबाची एकत्र गोळी (तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे) काय करायची (मनाने चुकवू नका), शेवटचं क्रिएटिनिन-पोटॅशियम किती, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू आहे का. ही औषधं लघवीतून साखरेबरोबर पाणीही काढतात.

भाचा: उघड्यावरच्या तळ्यांत क्लोरीनचा त्रास बंदिस्त तलावापेक्षा कमी. पण डोळे चुरचुरण्याइतका वास असेल तर त्या तळ्यातून बाहेर काढा. प्रिव्हेंटर सकाळी घरीच, चुकवायचा नाही. सालब्युटामॉल ५ दिवसांहून जास्त काळ न वापरता पडून असेल तर आधी २ पफ हवेत सोडा. गाडीत ठेवू नका, ५० अंशांवर डबी फुटू शकते. धाप लागली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला आराखडा. तो नसेल तर बसवून १ पफ, स्पेसरमधून ४ श्वास, असे ४ पफ. ४ मिनिटांत फरक नाही तर पुन्हा ४. तरीही नाही तर १०८ लावा आणि मदत येईपर्यंत तसंच चालू ठेवा. गाडी लागते म्हणून कुणी प्रोमेथाझिन देत असेल तर दोघांनाही देऊ नका, त्याने घाम कमी होतो आणि गुंगी येते.

थळकार

शेवटचं, उष्माघात. ऊन लागलेला माणूस थकलेला असतो, पण बोलतो बरोबर. असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग भाजतंय, की तो उष्माघात. घाम येत असला तरीही. आधी गार करा, मग हलवा. दमट हवेत नुसता पंखा पुरत नाही, बादलीने सतत पाणी ओता, काखेत आणि जांघेत बर्फ. शुद्धीत असेल तर उथळ पाण्यात गळ्यापर्यंत बसवा, दोघांनी धरून, डोकं वर. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. १०८ला पार्कचं नाव आणि कुठलं गेट ते सांगा, म्हणजे गाडी आत फिरत बसत नाही. जवळचं मोठं सरकारी इस्पितळ म्हापशाला पेडेंत, उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ. पुढे लागलं तर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ).

आणि एक माणूस कायम कोरडा राहू द्या, तासातासाने बदलून. त्याच्याकडे मीटर, ग्लुकोज, इनहेलर, स्पेसर, फोन. ही पिशवी लॉकरमध्ये नको. लॉकरची चावी ज्याच्या मनगटाला असते तो नेमका वरच्या घसरगुंडीच्या रांगेत असतो.