मदत हवी आहे: अमेरिका आणि चीनची सॉफ्टवुड आयात, ओंडके आणि चिरीव माल एकत्र कसा मोजू?

नमस्कार मंडळी,

एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी या दोन देशांच्या सॉफ्टवुड (पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचं लाकूड) आयातीची १९९८ ते २०२३ अशी तुलना करते आहे. विषय घरातूनच आला. अंबड एमआयडीसीत आमचं पॅलेटचं काम आहे, द्राक्षांच्या निर्यातीच्या हंगामात जोरात चालतं. गांधीधामहून येणारं पाइन महागलं की बाबा विचारतात, "एवढा माल उचलतंय तरी कोण?" याचं उत्तर मला आकड्यांतून द्यायचं आहे.

आकडे आहेत. एफएओची (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) मालिका १९६१ पासूनची आहे, कॉमट्रेडही (संयुक्त राष्ट्रांची व्यापार-आकडेवारी) आहे. अडलंय ते मांडणीत.

व्यापार-आकडेवारीत चिरीव लाकडाचा एचएस (आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गीकरण) कोड ४४०७. तेवढाच घेतला तर सुरुवातीच्या वर्षांत चीन फारच किरकोळ दिसतो, आणि ते मला पटत नाही. १९९८ च्या यांगत्से पुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलातली तोड आवळली, पण आणले ते मुख्यतः ओंडके (कोड ४४०३), आणि चिरले आपल्याच गिरण्यांत. अमेरिका मात्र चिरलेला मालच घेते, तोही बहुतांश कॅनडाकडून. पुढे २०२२ च्या जानेवारीपासून रशियाने सूचिपर्णी झाडांचे कच्चे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. म्हणजे ओंडक्यांकडून चिरीव मालाकडे, असं चीनच्या आयातीचं रूपच मधे बदललं. नुसता ४४०७ पाहिला तर हा बदल मागणीतली वाढ वाटू शकतो.

म्हणून ओंडक्यांचं चिरीव मालात रूपांतर करावं म्हणते. पण उतारा (ओंडक्यातून किती टक्के फळ्या निघतात ते) किती धरायचा? आमच्या ओळखीच्या सॉ मिलमध्ये ओंडका बँडसॉवर चढला की आधी चारी बाजूंच्या साली निघतात, मग भुसा, आणि फळ्या हातात येतात त्या जेमतेम निम्म्या. जाड, सरळ ओंडका असेल तर थोड्या जास्त. एकच ५० टक्के सगळ्या वर्षांना लावला तर चालेल का? शिवाय चीनमधले काही ओंडके प्लायवुडला जातात, ते वगळायचे कसे?

दुसरं, आधारवर्ष. अमेरिकेत २००५ मध्ये २० लाखांवर घरांची कामं सुरू झाली, २००९ मध्ये साधारण साडेपाच लाख. २००५ ला १०० धरलं तर अमेरिका कोसळलेली दिसते, २००९ ला धरलं तर उसळलेली. तीन वर्षांची सरासरी आधार धरणं योग्य ठरेल का? किमतीत मोजणं मी टाळते आहे, २०२१ च्या भाववाढीने सगळं चित्र फुगतं.

एककाचाही घोळ आहे. अमेरिकी आकडे बोर्ड फुटांत (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळीचं माप). कागदावर हजार बोर्ड फूट म्हणजे २.३६ घनमीटर, पण तिथला 'दोन बाय चार' रंधून प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतो, मग हजार बोर्ड फुटांचे जेमतेम १.५५ घनमीटर होतात. कुठला गुणक घ्यावा?

४४०७१० हा चिरीव सॉफ्टवुडचा कोड २०१७ मध्ये फुटला, त्याचे तुकडे मी बेरीज करून जोडलेत.

व्यापार-आकडेवारीवर काम केलेलं कुणी असेल, किंवा लाकूड-व्यवसायातलं कुणी उताऱ्याबद्दल सांगू शकत असेल, तर कृपया लिहा. वर्षवार शीट तयार आहे, हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लगेच पाठवते.