मदत हवी आहे: एकमेव महिला संचालकांचा राजीनामा, कंपनी एसएमईवर लिस्टेड (जळगाव)

गिरणाकाठ: जळगाव एमआयडीसीतली प्लास्टिक चटयांची कंपनी, शेअर एसएमई प्लॅटफॉर्मवर (लहान-मध्यम कंपन्यांसाठीचा शेअर बाजाराचा वेगळा विभाग). बोर्डावर एकच महिला संचालक होत्या, त्यांचा राजीनामा २० जूनला मिळाला. प्रवर्तकांचं म्हणणं, एसएमईला सेबीचा नियम १७ (बोर्डाच्या रचनेचा) लागत नाही, तेव्हा घाई नको. लागलंच तर सूनबाईंना घेऊ. हे चालेल का? पुढे मेनबोर्डवर (शेअर बाजाराच्या मुख्य विभागात) जायचा विचार आहे.

सातपुडा: नियम १७ मधून सूट आहे, हे खरं. पण महिला संचालकाची अट कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४९(१) मध्येही आहे आणि ती प्रत्येक लिस्टेड कंपनीला लागते, एसएमई धरून. मुदत तीन महिने किंवा लगेचची पुढची बोर्ड मीटिंग, यांत जे नंतर येईल ते. २० सप्टेंबर धरूनच चाला. दिवस मोजायचे ते राजीनामा कंपनीला मिळाल्यापासून. पत्रात त्यापुढची तारीख दिली असेल तर तिथून. चुकलात तर कलम १७२: कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना प्रत्येकी ५०,००० रुपये, वर रोजचे ५००. जुन्या संचालकांचा डीआयआर-१२ (संचालक बदलल्याचं कळवणारा फॉर्म) तीस दिवसांत गेला पाहिजे, तो आधी बघा.

सूनबाई कायद्याने चालतील, पण स्वतंत्र संचालक (कंपनीशी, प्रवर्तकांशी नातं किंवा हितसंबंध नसलेले) म्हणून नाही. मुलाची बायको नातेवाइकांच्या यादीत येते. मेनबोर्डवर स्वतंत्र महिला संचालकाची सक्ती बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांनाच आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे: आत्ताच स्वतंत्र महिला घ्या. मेनबोर्डवर ऑडिट समितीत दोन तृतीयांश स्वतंत्र संचालक लागतात, तिथेही त्याच उपयोगी पडतील. आणि घरच्याच माणसाला बसवलं तर प्रवर्तकांना बोर्डात प्रश्न कोण विचारणार? मेनबोर्डवर ही जागा रिकामी राहिली तर एक्स्चेंजचा दंड रोज ५,००० रुपये आहे, हेही त्यांच्या कानावर घाला.

तापीखोरे: कागद कुठे अडतात ते सांगते. डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) नसेल तर त्यासाठीच्या डीआयआर-३ फॉर्ममध्ये नाव पॅनप्रमाणेच हवं. आपल्याकडे पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं आणि डिजिटल सही तिसऱ्याच स्पेलिंगने, असं सर्रास असतं. मग फॉर्म परत येतो. शिवाय वडिलांच्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव चालत नाही. म्हणून आधी पॅन-आधार जुळवून घ्या, डिजिटल सही त्यानंतर काढा. यातच आठवडे जातात, त्यामुळे सप्टेंबरची वाट बघू नका.

मग डीआयआर-२ संमती, डीआयआर-८ (अपात्र नसल्याचं लिहून देणं), एमबीपी-१ (हितसंबंध जाहीर करणं). स्वतंत्र असतील तर नेमणुकीआधी आयआयसीए या केंद्र सरकारच्या संस्थेच्या स्वतंत्र संचालकांच्या डेटाबँकेत नोंदणी हवीच. परीक्षा दोन वर्षांत, ५० टक्के गुण. दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), वकिलांना ती माफ आहे. नेमणूक झाली की तीस दिवसांत डीआयआर-१२.

गिरणाकाठ: धन्यवाद ताई. धुळ्याच्या एक सीए तयार आहेत. त्यांचे यजमान आमच्या ऑडिट फर्ममध्ये भागीदार होते, गेल्या वर्षी बाहेर पडले. चालेल?

तापीखोरे: स्वतंत्र म्हणून नाही. नेमणुकीच्या वर्षाआधीच्या तीन आर्थिक वर्षांपैकी एकातही त्या स्वतः किंवा नातेवाईक ऑडिट फर्मचे भागीदार वा नोकर असता कामा नयेत, आणि यात नवराही आला. खानदेशात सीए मंडळींचं वर्तुळ लहान, म्हणून ही अडचण पुन्हा येईल. कॉस्ट अकाउंटंट, वकील, विद्यापीठातल्या पॉलिमरच्या किंवा वाणिज्यच्या प्राध्यापिका यांच्यात शोधा. प्राध्यापिका असतील तर विद्यापीठाची परवानगी आधी लेखी घ्या.