पुण्यात नवीन आहे, एफसी रोड-डेक्कनचा भाग पायी फिरून ओळखीचा करायचाय, सुरुवात कुठून करू?

उदगीरची_लेक:

नमस्कार सगळ्यांना. मी उदगीरची, बीए तिकडंच झालं आणि आता एमए इकॉनॉमिक्ससाठी पुण्यात आलेय. रूम मॉडेल कॉलनीत आहे, तिथून कॉलेज चालत पंधरा मिनिटं. तीन आठवडे झाले पण मी अजून रूम, कॉलेज आणि मेस याच्या पलीकडं काहीच बघितलं नाही, रूममेट दोघी पुण्याजवळच्याच आहेत त्या शनिवार-रविवार घरी जातात आणि मग दोन दिवस मी नुसती खिडकीत बसून पाऊस बघायलेय.

मागच्या शनिवारी संध्याकाळी हिंमत करून एकटीच एफसी रोडला गेले. पण एवढी गर्दी, फूटपाथवर कपडेवाले, हॉटेलच्या बाहेर नावं लिहून उभे असलेले लोक, जो तो आपापल्या ग्रुपमधी. मला कुठं थांबावं, कुठं बसावं काहीच कळंना, एक कणीस घेतलं ते चालता चालताच खाल्लं आणि परत आले. रूमवर आल्यावर आईचा फोन आला, काय काय बघितलं म्हणली, तर सांगायला काहीच नव्हतं.

मला फक्त हॉटेलांची नावं नकोत, महिन्याला मेस आणि रूमभाडं जाऊन हातात फार उरत नाही. मला हा भाग ओळखीचा व्हावा वाटतंय. एकट्या मुलीला काही विकत न घेता तासभर निवांत बसता येईल अशी जागा कुठं आहे? वाचायला कुठं जायचं? नदीच्या पलीकडं पेठा आहेत म्हणतात तिकडं चालत जाता येतं का? जे असंच बाहेरून शिकायला आले होते त्यांनी सांगा प्लीज.

सोलापूरकर_आता_इथलाच:

तू चुकीच्या वेळी गेलीस एवढंच झालंय बघ. शनिवारी संध्याकाळचा एफसी रोड हा फिरायला आलेल्यांचा असतो, तिथं राहणाऱ्यांचा नसतो. मी सोलापूरहून आलो तेव्हा माझंपण असंच झालं होतं, पहिला महिना मी तर रस्ता ओलांडायलाच घाबरायचो.

रविवारी सकाळी साडेसहाला निघ. ज्ञानेश्वर पादुका चौकातून गुडलक चौकाकडं सरळ चालत जा. वाहनं समोरून येतात, एफसी रोड वनवे आहे आणि येताना जेएम रोडनं ये, तो उलट दिशेचा वनवे. ही दोन समांतर रस्त्यांची जोडी एकदा डोक्यात बसली की डेक्कन ते शिवाजीनगर या पट्ट्यात तू हरवत नाहीस, आणि रिक्षावाला का वळसा घालतोय तेपण कळतं. सकाळी दुकानांची शटरं खाली असतात त्यामुळं झाडं दिसतात, जुने दगडी कंपाउंड दिसतात, रानडे इन्स्टिट्यूटची इमारत दिसते. आषाढात दोन्ही पालख्या याच रस्त्यानं शहरात येतात, यंदाची तुझी हुकली, पुढच्या वर्षी फूटपाथवर उभी राहा, तुमच्या भागातल्या दिंड्यासुद्धा भेटतील त्यात, मी सोलापूरकडचे लोक बघून रडलो होतो पहिल्या वर्षी.

आणि टेकडी! फर्ग्युसनच्या मागं हनुमान टेकडी आहे. कॉलेज १८८५ चं, टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं, पण आतून बाहेरच्यांना सोडतात का ते गेटवर विचारून घे, नाहीतर गोखलेनगरच्या बाजूनं वर जायला वाट आहे, तुला मॉडेल कॉलनीतून तीच जवळ. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं, वरून अख्खं शहर दिसतं, ढग नसतील तर पर्वती आणि लांब सिंहगडपण. सकाळी तिथं आजी-आजोबांची भरपूर वर्दळ असते. फक्त अंधार पडल्यावर किंवा भरदुपारी एकटी जाऊ नकोस, लुटालूट झालेली आहे तिथं, हे घाबरवायला नाही सांगत पण माहिती पाहिजे.

डेक्कनची_मावशी:

अगं लेकी, तू खिडकीत बसून पाऊस बघतेस हे वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहिते. माझा जन्मच भांडारकर रोडचा.

तुला बसायला जागा हवी ना, तर जेएम रोडवर पाताळेश्वर आहे. बाहेर इतक्या गाड्या वाहतात आणि पायऱ्या उतरून खाली गेलं की एकदम शांत. आठव्या शतकातलं लेणं आहे, राष्ट्रकूटांच्या काळातलं, बांधलेलं नाही तर अखंड खडकात खोदलेलं, आणि समोर गोल नंदीमंडप, तसा गोल मंडप फार कुठे बघायला मिळत नाही. शेजारीच जंगली महाराजांचं देऊळ, ज्यांच्यावरून रस्त्याला नाव मिळालं. आम्ही मैत्रिणी परीक्षेच्या दिवसांत पुस्तकं घेऊन तिथे झाडाखाली बसायचो, आजही मुलं-मुली बसलेली दिसतात, कुणी हटकत नाही.

तू अर्थशास्त्राची आहेस म्हणून मुद्दाम सांगते. बीएमसीसी रोडवर गोखले इन्स्टिट्यूट आहे, १९३० ची संस्था, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांनी पुणे शहराचीच सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती, कोण कुठे राहतं, काय कमावतं, किती माणसं एका खोलीत, असं सगळं. ज्या पेठांतून तू आता चालणार आहेस त्यांचाच हिशेब आहे तो. तिथलं ग्रंथालय गाडगीळांच्याच नावाचं आहे. बाहेरच्या विद्यार्थ्याला काय नियम आहेत ते तुमच्या विभागातल्या बाईंना विचार, कॉलेजचं पत्र घेऊन गेलीस तर बोलणं सोपं होईल. आधी ती पाहणी वाच आणि मग पेठेत चाल, बघ रस्ता किती वेगळा दिसतो.

दुसऱ्या रविवारी गुडलक चौकातून भांडारकर रोड धर आणि टोकापर्यंत चालत ये. शेवटी लॉ कॉलेज रोडला भांडारकर संस्था लागते, १९१७ ची. महाभारताची चिकित्सक आवृत्ती इथे झाली, काम १९१९ ला सुरू झालं आणि १९६६ ला पूर्ण झालं, देशभरातल्या पोथ्या गोळा करून श्लोक न् श्लोक ताडून पाहिला. सुरुवात करणाऱ्यांतले कितीतरी जण शेवट बघायला उरले नाहीत. मी लहानपणी त्या कंपाउंडवरून शाळेत जायचे आणि आत नक्की काय चालतं ते मला चाळिशीत कळलं, तुझं तसं होऊ नये. त्याच रस्त्याला फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून आली आणि तिचा स्टुडिओ जिथे होता तीच जागा. फिल्म अर्काइव्हसुद्धा याच रस्त्याला, तिथे अधूनमधून सिनेमे दाखवतात, बाहेरच्या बोर्डावर लक्ष ठेव.

आणि हॉटेलांची नावं नकोत म्हणालीस तरी दोन सांगतेच, रोज नाही, एकदाच. गुडलक, १९३५ पासूनचं, बनमस्का आणि चहा घ्यायचा, एकट्या माणसाला तिथे अजिबात अवघडल्यासारखं होत नाही. आणि वैशालीला शनिवारी कधीच जायचं नाही, मधल्या वारी सकाळी लवकर जा, रांग नसते, इडली खा आणि बाहेर पड.

पेठेतला_अभ्यासू:

मी परभणीचा, चार वर्षं सदाशिव पेठेत एमपीएससी करतोय. ताई, पेठेत चालत येता येतं का म्हणून विचारलंस, अगं दहा मिनिटांचं अंतर आहे. डेक्कनवरून लकडी पूल ओलांडला की अलका टॉकीजचा चौक, तिथून सरळ लक्ष्मी रोड आणि उजवीकडून टिळक रोड, दोन्हींच्या मधल्या गल्ल्यांत आम्ही सगळे राहतो. पाट्यांवर संभाजी पूल लिहिलेलं असतं पण विचारताना लकडी पूलच म्हण. भिडे पूल मात्र नदीला अगदी टेकलेला आहे, खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बुडतो, तर या दिवसांत त्या वाटेवर भरवसा ठेवू नको. नदीकाठच्या डेक्कन मेट्रो स्टेशनचं छत पगडीसारखं आहे, ते लांबून दिसतं, दिशा चुकलीस तर तेच बघायचं.

पेरूगेटपाशी आलीस की तुला आपली भाषा ऐकू येईल. नांदेड, लातूर, बीड, हिंगोली, सगळी पोरं-पोरी हातात बाटली आणि नोट्सच्या झेरॉक्स घेऊन फिरायलेत. सकाळी सात वाजता अभ्यासिकेच्या बाहेर चहाला उभं राहिलं की कोण कुठल्या गावचा ते दोन मिनटांत कळतं, मला तर पहिल्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या गावचा पोरगा भेटला, आजपण आम्ही एकाच रूमवर आहोत.

पुस्तकं नवीन घेऊ नको. अप्पा बळवंत चौकात जा, जुनी पुस्तकं मिळतात आणि वर्ष संपलं की बरीच दुकानं परत विकतपण घेतात, फक्त पानं फाडायची नाहीत आणि पेनानं रेघा मारायच्या नाहीत. दोन-तीन दुकानात भाव विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तिथून जवळ विश्रामबाग वाड्यात सरकारी ग्रंथालय आहे, पेशव्यांच्या वाड्यात बसून वाचायचं म्हणजे काय सांगू, लाकडी खांब, बाहेर लक्ष्मी रोडचा गोंधळ आणि आत पंख्याचा आवाज. आणि लक्ष्मी रोडवरच पुणे नगर वाचन मंदिर, ते तर १८४८ चं आहे, लोकहितवादींनी काढलेलं. बादली, दोरी, डबा असलं काही राहिलं असेल तर तुळशीबाग तिथंच.

मेसचं एक सांगतो. महिन्याचे पैसे आधी भरू नको. मी आल्या आल्या एका मेसमधी डिपॉझिट भरलं, आठ दिवसांत पोट बिघडलं, पैसे मागायला गेलो तर नाही मिळाले, घरी सांगायचीपण लाज वाटली तेव्हा. आधी दोन दिवस सुटं ताट घेऊन जेवायचं, एकदा दुपारचं आणि एकदा रात्रीचं, रात्रीच्या भाजीवरून मेस कळते.

खिंडीतला:

सगळे डेक्कन-डेक्कन करतायत, पण ताईंनी विद्यापीठाचा कॅम्पस बघावा असं माझं ठाम मत आहे. १९४९ ला स्थापन झालेलं, ४११ एकर, आणि मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला होता. आत गेलं की वडाची झाडं, मोर ओरडतात, जयकर ग्रंथालय, अनिकेत कँटीनचा चहा. तिथल्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात न्यूटन, आइनस्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे आहेत, तिथं एरवी विचारून जावं लागतं पण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला ते लोकांसाठी खुलं असतं. कॉलेजचं ओळखपत्र जवळ ठेवा. एफसी रोडला तुम्ही गर्दीत एकट्या पडता, इथं एकटं असणं अंगावर येत नाही.

डेक्कनची_मावशी:

@खिंडीतला कॅम्पस सुंदर आहे हे खरंच, पण तिला एकटेपणा नकोय रे, म्हणून तर लिहिलंय तिने. मोरांशी किती बोलणार? आधी माणसांच्यात जाऊ दे, मग झाडांच्यात.

उदगीरची_लेक:

सगळ्यांचे खूप खूप आभार, मला वाटलं नव्हतं एवढं कुणी लिहील. दोन रविवार झाले म्हणून सांगायला आले.

पहिल्या रविवारी साडेसहाला निघाले, पाऊस भुरभुर होता. तोच रस्ता आहे हे खरंच वाटंना. पेपरवाले फूटपाथवर पुरवण्या घालत बसले होते, एक काका कुत्र्यांना बिस्किटं देत होते. गुडलकला बनमस्का खाल्ला, समोरच्या खुर्चीवर एक आजोबा येऊन बसले, विचारलंपण नाही, पेपरचं आतलं पान काढून माझ्याकडं सरकवलं आणि स्वतः बाहेरचं वाचायले. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. मग जेएम रोडनं येताना पाताळेश्वरला तासभर बसले. मावशी, तिथूनच आईला व्हिडिओ कॉल केला, नंदीमंडप दाखवला, आई म्हणली आपल्याकडं खरोशाला लेणी आहेत तसलंच की. मग मीच जरा वेळ गप झाले.

काल पेरूगेटला गेले. अभ्यासू दादा, तुम्ही म्हणलात ते खरंय, चहाच्या टपरीवर एक मुलगी फोनवर "करायलेय, येयलेय" म्हणत होती, मी सरळ जाऊन विचारलं कुठली गं तू, तर अहमदपूरची निघाली! आता बुधवारी आम्ही दोघी अप्पा बळवंत चौकात जाणार. मेस बदलली. टेकडी अजून राहिली आहे, तिला घेऊन जाईन. आणि गोखले इन्स्टिट्यूटसाठी बाई पत्र देते म्हणल्या.

अजून एक विचारायचं होतं, कॉलेजमधी सगळे पुरुषोत्तम पुरुषोत्तम करायलेत, सीनियर लोक रात्री उशिरापर्यंत तालमी करतात, ते आपल्यासारख्यांना बघायला जाता येतं का?

विंगेतून:

जाता येतं म्हणजे काय, गेलंच पाहिजे! पुरुषोत्तम करंडक, महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था भरवते, १९६३ पासून, कॉलेजांच्या एकांकिका. प्राथमिक फेरी सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरला असते, तुझ्या पेरूगेटवरून चालत जाशील. मी तीन वर्षं बॅकस्टेजला होतो, सेट उचलून उचलून हात सोलायचे, पण पडदा उघडायच्या आधी अख्खं थिएटर "आव्वाज कुणाचा" ओरडतं ना आणि आपल्या कॉलेजचं नाव घेतं, तेव्हा अंगावर काटा येतो. बाहेरून बघायला जाण्यापेक्षा तुमच्या टीमला जाऊन विचार काही मदत पाहिजे का, इस्त्रीला, प्रॉपर्टीला म्हणजे स्टेजवरच्या वस्तू सांभाळायला, चहा आणायला माणसं कायम कमी असतात. आजच विचार, तालमी सुरू आहेत तोवर.

उदगीरची_लेक:

विचारलं. उद्या संध्याकाळी पाचला बोलावलंय, घरून जुनी साडी आणि पितळी तांब्या असेल तर आण म्हणले. साडी आहे, तांब्या जुन्या बाजारात मिळेल का, की तुळशीबागेत?

विंगेतून:

नवा घ्यायला तुळशीबाग, पण नवा चकाकतो, स्टेजवर खोटा वाटतो. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, बुधवारी अप्पा बळवंत चौकात जातेच आहेस ना, मैत्रिणीला घेऊन तिथून पुढं जा. चेपलेला घे.