रॉ फोटो ऑफसेट छपाईला कसे द्यावेत?

प्रश्न: रामकुंडावरचे संध्याकाळचे फोटो २४ मेगापिक्सेल रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) आहेत. १८ × १२ इंची कॅलेंडर नाशिकमध्येच छापायचंय. प्रेसला कोणती फाइल देऊ?

उत्तर १: रॉमधून १६ बिट टिफ (भरपूर रंगछटा साठवणारी फाइल) काढा, अडोबी आरजीबी या रंगव्याप्तीत. कमी छटांच्या ८ बिट जेपेगवर आकाश उजळवलंत की पट्टे पडतात. ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात. तुमच्याकडे ६००० × ४००० आहेत, ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी कडेला ठेवलेला जादा भाग) सहज बसेल.

उत्तर २: सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) रूपांतर शेवटी, तेही प्रेसकडून प्रोफाइल (त्यांच्या शाई-कागदाच्या रंगांची माहिती देणारी फाइल) मागूनच. आधी सॉफ्ट प्रूफ (छापील रंग कसे दिसतील ते स्क्रीनवर) बघा, गर्द निळं आकाश हमखास मळकट होतं. घाटाच्या काळ्या सावलीत चारही शायांचं प्रमाण (प्रत्येकी जास्तीत जास्त १०० टक्के) मिळून ३०० टक्क्यांवर गेलं तर शाई लवकर वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

प्रश्नकर्ता: शार्पनिंग (कडा ठळक करणं) कधी करू?

उत्तर १: छपाईच्या मापात आणल्यावरच.