गुरं चरली की माती कार्बन साठवते? हिशोब पुरा मांडा

खुरपं: रानवाटा यांनी काल लिहिलं, "कळप दाटीनं चारून लगेच पुढं हलवला की गवताळ माती हवेतला सगळा जादा कार्बन ओढून घेते." आधार काय, तर कळप फिरवून चारण्याचा पुरस्कार करणारे झिम्बाब्वेचे पर्यावरणतज्ज्ञ ॲलन सेव्हरी यांचं 2013 मधलं भाषण. राहवलं नाही म्हणून लिहितोय. ओरबाडलेल्या रानाला उसंत मिळाली की कार्बन वाढतो, पण काही वर्षंच. मग माती नव्या समतोलाला येते आणि वाढ थांबते. गुरांच्या ढेकरांतून निघणारा मिथेन वायू मात्र सुटतच राहतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो.

रानवाटा: मिथेन बारा-एक वर्षांत विरतो, ते का गाळलंत? आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या गवताळ रानात गुरांचा बुळकांडी रोग हटला, विल्डबीस्ट या रानटी चरणाऱ्या प्राण्यांचे कळप वाढले, वाळकं गवत पोटात गेलं, वणवे घटले, झाडोरा परतला आणि कार्बन साठू लागला. मी आठ वर्षं कळप फिरवतोय. पूर्वी पाऊस वाहून जायचा, आता मुरतो.

खुरपं: पाणी मुरलं म्हणजे कार्बन वाढला असं नाही! मातीची घनता मोजलीत? खुरांनी माती दबते. मग त्याच 30 सेंटीमीटरच्या थरात जास्त माती मावते आणि कार्बन वाढल्यासारखा दिसतो.

रानवाटा: घनता नाही मोजली. पण डोळ्यांना दिसतं ते खोटं नाही.

कुसळ: तुम्ही गुरांवरून भांडताय आणि तिकडं गवताळ रानांत खड्डे खणून झाडं लावली जाताहेत, त्याचं काय? गवताचा बहुतेक कार्बन जमिनीखाली असतो. वणव्यात झाड जळतं, मुळं आणि माती बरीचशी वाचतात. आमचं चराऊ रान 'रिकामं' म्हणून रोपांनी भरलं. निम्मी रोपं वाळली, गवत तर आधीच उपटलं होतं.

सावली: झाडं लावणाऱ्यांना गुन्हेगार ठरवू नका. मी लावली ती उघड्या, धूप झालेल्या उतारावर. तिथं गवताची काडी नव्हती.

कुसळ: मग तुमच्याशी भांडण नाही. पण उभ्या गवतात कुदळ घालणाऱ्याला हे कोण सांगणार? झाडाचा फोटो निघतो, मुळांचा निघत नाही!

सावली: तो राग माझ्यावर काढू नका, एवढंच.

मुळाक्षर: मूळ प्रश्नावर या. गवत कुठलं, हे दोघांनीही सांगितलं नाही. जगभरच्या अभ्यासांच्या 2013 मधल्या आढाव्यात, चराई वाढली तशी उष्ण प्रदेशातल्या सी-4 गवतांखालच्या (ज्वारी-मक्याच्या गटातल्या) मातीत कार्बन वाढलेला दिसला, सी-3 गवतांखाली (गव्हाच्या गटातल्या, थंड हवेत वाढणाऱ्या) घटलेला. पाऊस आणि मातीचा पोतही निकाल फिरवतात.

खुरपं: बरं, काही रानांत वाढतो, हे मानतो. "सगळा जादा कार्बन" हे कधीच मानणार नाही.

रानवाटा: "सगळा" मागे घेतो. माझं गवत सी-4 आहे. पावसाआधी घनतेसकट नमुने काढतो.

खुरपं: काढा. पण न चरलेला तुकडा शेजारी ठेवून, आणि मीटरभर खोल.